गाडीच्या माथ्यावरची खिडकी

माझ्या मित्राने जुनी मोटरहोम घेतली त्या दिवशी मी त्याला मिठी मारली, पाठीवर थाप दिली, आणि मग घरात येऊन बाथरूमचं दार लावून बराच वेळ तोंड धूत राहिलो. हेवा हा शब्द तेव्हा मी मनातल्या मनातही उच्चारला नव्हता. आता पन्नाशी ओलांडल्यावर उच्चारायला हरकत नाही.

आम्ही दोघं अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी एका खोलीत राहून शिकलो. तो नागपूरचा, मी पुण्याचा. एकाच कुकरमधली खिचडी खाल्ली. थंडीचा जाड कोट दोघांत एकच होता, ज्याचं लेक्चर सकाळी त्याच्या अंगावर. पुढे दोघांनाही न्यू जर्सीत नोकऱ्या लागल्या, एकाच हिवाळ्यात भारतात जाऊन लग्नं केली, आणि आयसेलिनच्या आसपास, गाडीने दहा मिनिटांवर, घरं घेतली. तोवर पुढे कोण, मागे कोण असं काही नव्हतं. मग आम्हाला मुलगी झाली आणि त्यांना मूल झालं नाही. डॉक्टर-दवाखाने झाले, वर्षं गेली, आणि त्या विषयावर दोन्ही घरांत बोलणं थांबलं. आमची मुलगी त्यांच्या घरी जाताना दार वाजवत नसे. सरळ आत जाई आणि फ्रिज उघडी.

म्हणजे बघा, देवाने मला त्याच्यापेक्षा एकच गोष्ट जास्त दिली होती, आणि नेमकी तिच्यावरूनच मी त्याचा हेवा करत होतो.

जून महिना होता. शनिवारी सकाळी आमच्या दारात एक लांबलचक हॉर्न वाजला. बघतो तर हा महाराज एका पांढऱ्या, तपकिरी पट्ट्याच्या मोटरहोमच्या सीटवर. ऑफिसातल्या एका निवृत्त होणाऱ्या माणसाकडून घेतलेली. ड्रायव्हरच्या डोक्यावर गाडीचा एक भाग कपाळ पुढे आल्यासारखा आलेला आणि त्याला समोर एक आडवी खिडकी. त्या कपाळात एक बिछाना होता. मुलगी अनवाणी धावत गेली, शिडी चढून वर पोचली आणि खिडकीला नाक लावून आमच्याकडे बघायला लागली. ती तेव्हा दहा वर्षांची होती.

"उतर आता, घाण असेल तिथे," मी म्हणालो.

"राहू दे ना बे," मित्र म्हणाला. "तिच्यासाठीच आहे ती जागा. आम्ही दोघं म्हातारे काय शिडी चढून राहिलो?"

त्याच्या बायकोने पुढच्या आठवड्यात त्या बिछान्याला पडदा शिवला. कापड आमच्या मुलीने निवडलं होतं, पिवळ्या बदकांचं.

जुलैत त्यांनी तिला आठवडाभर एका तळ्याकाठी नेलं. मला रजा मिळाली नव्हती. परत आली ती उन्हाने रापून, गुडघे खरचटून, आणि तोंडात सारखं काका. काका पॅनकेक उलटताना हवेत उडवतात. काका तंबूवाल्या लोकांना हात करतात. काकांनी मला स्टिअरिंग धरू दिलं, पार्किंग लॉटमध्ये. मी ऐकत होतो. वरण-भात कालवत होतो. मग मी तिला म्हणालो, आता पुरे, झोपायला जा. त्यावर ती मान वर करून म्हणाली, "काहून?"

माझा घास हातात राहिला. मी दर रविवारी सकाळी तिला समोर बसवून मराठी शिकवत होतो. पुस्तकं होती, तक्ते होते. ती जांभया द्यायची आणि सगळ्याची उत्तरं इंग्रजीत द्यायची. तिच्या तोंडून आपण होऊन निघालेला पहिला मराठी शब्द, आणि तो नागपूरचा. माझ्या घरात, माझ्या ताटासमोर, माझी मुलगी माझ्या मित्राच्या भाषेत मला प्रश्न विचारत होती.

बायको हसून हसून बेजार. मी हसलो नाही.

"त्यांना मूल नाही, म्हणून आपलं पळवतायत," मी त्या रात्री बायकोला म्हणालो.

"अहो, काय बोलताय," ती म्हणाली. मग म्हणाली, "मूल आपलंच आहे. जरा वाटून घेतलं तर झिजत नाही."

तिचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. कळल्याने काही होत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी पेपरातल्या मोटरहोमच्या जाहिराती बघायला लागलो.

मित्राला विचारणं सरळ होतं. त्याने सगळं शोधून, वाचून, चार गाड्या पाहून मग घेतली होती. पण मी त्याला कळू दिलं नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या फोनवरून चौकशा करायचो. सप्टेंबर संपता संपता पेनसिल्व्हेनियातल्या एका गावी एक गाडी विकायला असल्याचं कळलं. मुलगी त्या शनिवारी काकूकडे शंकरपाळे करायला जाणार होती, तेव्हा बायकोला घेऊन मी गेलो. खिशात मोजायची टेप होती.

गाडी एका निवृत्त जोडप्याची होती. घराच्या मागच्या गवतात उभी, बससारखी सपाट तोंडाची, समोर भिंतभर काच. म्हाताऱ्याने इंजिनाचं झाकण उघडलं, टायर दाखवले, खालून टॉर्च मारली. मी हूं हूं करत होतो. मग टेप काढून गाडीची लांबी मोजली. म्हातारा बघत राहिला. एवढं अंतर येऊन कुणी गाडीची लांबी मोजावी हे त्याला समजेना. ती मित्राच्या गाडीपेक्षा चांगली सहा फूट लांब होती. टेप गुंडाळताना मला जे सुख झालं ते आता आठवलं तरी कानशिलं गरम होतात.

म्हातारीने बायकोला आतली कपाटं दाखवली. कप हलू नयेत म्हणून बसवलेल्या पट्ट्या, ओव्हन, बाथरूम, मागे मोठा पलंग. मग मला विचारलं, "मुलं किती?"

"एक मुलगी."

"तिला आणलं नाही? घ्यायच्या आधी मुलांना दाखवावी. आमची मुलं तर आधी आत जाऊन आपापल्या जागा पकडायची."

"सरप्राइज आहे," मी म्हणालो.

म्हातारा म्हणाला, की त्याने हिवाळ्यासाठी पाण्याची सगळी व्यवस्था रिकामी करून ठेवली आहे, पाणी गोठलं की पाइप फुटतात म्हणून वसंत येईपर्यंत भरू नका, आणि कसं काढायचं भरायचं ते हवं तर दाखवतो. मी म्हणालो, मी इंजिनिअर आहे. खोटं नव्हतं. मी एका केमिकल कंपनीत पाइपिंगची डिझाइन करायचो. त्याने मान डोलावली.

परत येताना बायको म्हणाली, "चालवायला जड नाही ना जाणार?"

"त्याला जमतं ते मला का जमणार नाही?"

"मी भाऊजींचं नावसुद्धा घेतलं नाही," ती म्हणाली.

गाडी घरी आणायची ती दसऱ्याला, हे मी ठरवून टाकलं होतं. साडेतीन मुहूर्तांतला एक. मित्राने त्याची गाडी आणली ती कुठल्याशा कोरड्या शनिवारी. ना हळद ना कुंकू. माझी नीट येणार होती. दसरा त्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यावर होता. म्हणजे इथे लोक आपल्या मोटरहोम ताडपत्रीखाली झाकून ठेवतात त्या दिवसांत आम्ही आमची झेंडूच्या माळेने सजवली. झेंडू बायकोने अंगणात लावलेला होता, पहिल्या थंडीने अजून काळा पडला नव्हता. चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ आयसेलिनच्या दुकानातून आणला. आपट्याची पानं कुठून आणणार? शेजाऱ्याच्या झाडाची लाल झालेली पानं वाटली.

मित्र आणि त्याची बायको आले. अर्थात मीच बोलावलं होतं. त्यांनी बघितल्याशिवाय माझं समाधान कशाने होणार होतं?

मित्र गाडीभोवती फिरला, टायरवर लाथ मारून पाहिली आणि म्हणाला, "जबरदस्त आहे रे. सांगितलं नाहीस? मी आलो असतो सोबत."

"अचानकच ठरलं."

"पण हे वाहन आहे की वास्तू? दसऱ्यावर भागवतोस की वास्तुशांत घालायची?"

सगळे हसले. पण मला ते लागलं, आणि एक कल्पनाही सुचली. नव्या घरात आपण कोरडं पाऊल टाकत नाही. आधी भरलेला कलश आत जातो. माझ्या आईने आमच्या या घरासाठी फोनवरून बजावलं होतं, पाणी भरल्याशिवाय चूल पेटवू नका. मग हे चाकावरचं घर कोरडं कसं? मी अंगणातली बागेची नळी ओढून आणली आणि गाडीची टाकी काठोकाठ भरली. पंप सुरू केला, सिंकचा नळ सोडला. आधी गुलाबीसर काहीतरी आलं, म्हाताऱ्याने पाइपांत घालून ठेवलेलं, न गोठणारं; मग स्वच्छ पाणी. त्या पाण्याने बायकोने तांब्या भरला आणि त्यावर नारळ ठेवला. पूजा यथासांग झाली. मित्राची गाडी या बाबतीत माझ्या गाडीच्या जवळपासही येऊ शकत नव्हती.

"पाणी भरलंस होय?" मित्र हळूच म्हणाला. "अबे, थंडी तोंडावर आहे."

"आठवड्याभरात काढतो."

"ये मी दाखवतो, सगळीकडून काढावं लागते. गरम पाण्याच्या हीटरचं वेगळं असते, पाइपांचं..."

"माझा धंदाच पाइपांचा आहे," मी म्हणालो.

तेवढ्यात मुलगी आतून बाहेर आली. इतका वेळ ती आतच होती. मी तिच्याकडे पाहत उभा राहिलो. दोन महिने मी या क्षणाची वाट पाहिली होती. ती कपाटं उघडून आली होती, बाथरूम पाहून आली होती, मागच्या पलंगावर उडी मारून आली होती. ती पुढे गेली, सपाट काचेकडे पाहिलं, मग मान मागे टाकून छताकडे.

"इट्स नाइस, बाबा," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "अपस्टेअर्स काहून नाही?"

मित्राच्या बायकोने तिच्या हातावर पेढा ठेवला. मी टेपने सगळं मोजलं होतं. तिला काय आवडतं, ते मी मोजलं नव्हतं. ड्रायव्हरच्या डोक्यावरची ती जागा माझ्या गाडीत नव्हतीच. असल्या सपाट तोंडाच्या गाड्यांत ती नसतेच. आणि पूर्ण दोन महिने जाहिराती चाळताना हे माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं, कारण मी तिच्यासाठी गाडी शोधतच नव्हतो.

नोव्हेंबरात मित्राचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाला, "पाणी काढलंस ना गाडीतलं?"

"केव्हाच," मी म्हणालो.

फोन ठेवला, कोट घातला आणि टॉर्च घेऊन बाहेर गेलो. गाडीखाली एक तोटी सापडली, ती उघडली. टाकीतलं पाणी घळाघळा ड्राइव्हवेवर गेलं. संपलं. टाकी रिकामी झाली म्हणजे झालं, असं मी स्वतःला सांगितलं. पाइपिंगचा माणूस असून सांगितलं. हीटरचं वेगळं असतं, हे शब्द माझ्या कानात होते. पण पुन्हा फोन करून विचारायचं तर 'केव्हाच' कुठे लपवू? त्या हिवाळ्यात बर्फ पडलं की मी खिडकीतून त्या गाडीच्या पांढऱ्या ढिगाकडे पाहायचो आणि पडदा ओढून घ्यायचो.

मे महिन्यात, मेमोरियल डेच्या सुट्टीत दोन्ही गाड्यांनी मिळून त्याच तळ्याकाठी जायचं ठरलं. आदल्या आठवड्यात मी टाकी भरली. मुलगी मदतीला होती, नळी धरून. तिला आत नेऊन मी म्हणालो, आता बघ, आपलं स्वतःचं पाणी. पंपाचं बटन तिलाच दाबायला दिलं. पंप घरघरला. नळातून थेंब आला नाही. मग सिंकखालच्या कपाटाच्या दारातून पाणी बाहेर यायला लागलं. मग पलंगाखालून. गालिचा काळा पडत पडत आमच्या पायांपर्यंत आला.

"बाबा, कॉल काका."

"नको."

"काहून?"

मी पंपाचं बटन बंद केलं. ती घरात गेली आणि तिनेच फोन केला.

मित्र आला. पँट वर खोचून ओल्या गालिच्यावर आडवा झाला आणि कपाटात डोकं घालून बघू लागला. मी बाजूला उभा. तांब्याचा पाइप लांबीने उकलला होता, पावट्याची शेंग उकलावी तसा. प्लॅस्टिकचे सांधे फुटले होते. हीटरला तडा गेला होता. मी वाट पाहत होतो, तो आता म्हणेल, केव्हाच काढलं होतंस ना? मला ते ऐकायचं होतं. त्याने एकदा तसं म्हटलं असतं तर मला त्याच्यावर रागवता आलं असतं.

तो बाहेर आला, हात पुसले. "टाकीतलं काढलं होतंस?"

"हो."

"हं," तो म्हणाला. एवढंच. मग म्हणाला, "इतक्यात नाही होत हे. पण गाडी तर चालते ना? पाण्याचं आमच्याकडून भागवू. एक बादली घेऊन ठेवा, वहिनी."

म्हणजे पाण्यासाठी त्याच्या दारात जायचं. मी मान हलवली.

सुट्टीच्या सकाळी दोन्ही गाड्या आमच्या घरासमोर उभ्या राहिल्या. मुलगी बॅग घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी होती. सगळ्यांना ठाऊक होतं ती काय ठरवते आहे. मित्र मुद्दाम आरसा पुसत होता. त्याची बायको मुद्दाम माझ्या बायकोशी बोलत होती. मीच तेवढा उघडपणे तिच्याकडे बघत होतो, आणि मला वाटतं तिने ते पाहिलं, कारण ती आमच्या गाडीत चढली. बायकोने पुढची सीट तिला दिली.

सुरुवातीचे दोन तास ती माझ्या शेजारी बसली. त्या भिंतभर काचेतून डोंगर येताना दिसत होते. तिने नकाशा धरला, मला संत्र्याच्या फोडी दिल्या, तीनदा म्हणाली की व्ह्यू छान आहे. ती माझ्याशी फार चांगलं वागत होती. आजारी माणसाशी वागावं तसं. हे कळत होतं तरी मला ते हवंच होतं.

रेस्ट एरियात थांबलो. ती बाथरूमला जाऊन आली आणि माझ्या खिडकीखाली उभी राहिली.

"बाबा, नाऊ कॅन आय गो विथ काका? फॉर द अपस्टेअर्स. ओन्ली टिल द लेक."

परवानगी मागत होती. त्यांच्या घरात शिरताना जी दार वाजवत नसे, ती. हे मी तिला शिकवलं होतं, वर्षभरात, एक शब्द न बोलता.

"जा," मी म्हणालो. "पळ."

ती पळाली.

तेव्हा मुलं चालत्या गाडीत वरच्या बिछान्यावर बिनधास्त लोळत जायची, कुणी अडवत नसे. मी पुढे होतो, मित्र मागे. हमरस्त्याला लागल्यावर मी बाजूच्या आरशात पाहिलं, आणि मागच्या गाडीच्या कपाळावरच्या खिडकीत ती दिसली. पालथी पडलेली, हनुवटी हातांवर, बदकांचा पडदा बाजूला सारलेला. ती समोर पाहत होती. समोर म्हणजे आमची गाडी होती. मी ब्रेकला दोनदा हलकेच पाय लावला. मागचे दिवे लागले असतील. खिडकीत एक हात हलला.

त्यानंतर मी रस्त्याकडे जेवढं पाहिलं तेवढंच आरशात पाहिलं. चढ आला की माझी लांबलचक गाडी धापा टाकायची. मित्राची हलकी होती, तो सहज पुढे गेला असता. तो डावीकडे सरकतोय असं वाटलं की मी वेग वाढवायचो. सपाटीवर तो मागे पडला की मी हळू व्हायचो.

"अहो, काय चाललंय तुमचं?" बायको म्हणाली. "एकदा पळवता, एकदा रांगता."

"इंजिन गरम होतंय," मी म्हणालो.

तिने वाकून आरशात पाहिलं आणि संत्रं सोलायला घेतलं.

तळ्यावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मुलगी वरून उतरून थेट पाण्याकडे धावली. मी रिकामी बादली घेऊन मित्राच्या दारात गेलो. त्याने नळाला नळी लावून ती माझ्या बादलीत सोडली.

"दिवसभर पुढे जाऊ दिलं नाहीस मला," तो म्हणाला.

"तू जायला बघत होतास?"

"एकदा बघितलं. वरून आरडाओरडा. काका, स्टे बिहाइंड बाबा. ब्रेकचे दिवे मोजून राहिली होती. सांगत होती, बाबा माझ्याशी बोलतात त्या दिव्यांनी." तो हसला. "मग काय, राहिलो मागे. डोक्यावरून हुकूम येऊन राहिला तर काय करता बाप्पा."

बादली भरत आली होती. खरं तर आता मला सुखी व्हायला हवं होतं. झालोही. आणि त्याच वेळी वाटलं, मी पुढे एकटा आरशात बघत होतो, काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ती माझ्याविषयी जे बोलली ते सगळं त्याने ऐकलं. तिचा आवाज त्याच्या डोक्यावरून येत होता.

बादली काठोकाठ भरली तरी मी ती उचलली नाही.

"अजून काय म्हणाली?" मी विचारलं.

मित्राने नळ बंद केला, पायरीवर बसला आणि मला शेजारी जागा करून दिली.